तुमच्याच संगीतसंग्रहात अवचित काय काय सापडलं?

शेवटची खाच

आपल्या संग्रहात काय आहे ते आपल्याला पाठ आहे, असं आपण धरून चालतो. कुठली रेकॉर्ड कुठल्या खणात, कुठल्या कॅसेटच्या बी बाजूला कुठला राग, कुणी विचारलं तर झोपेतही सांगू. पण संग्रह संगणकावर उतरवायला घेतला की हा समज फार टिकत नाही. उतरवताना प्रत्येक फीत पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खटक्यापर्यंत चालू द्यावी लागते. एरवी आपण हवं ते गाणं लावतो आणि ते संपलं की बटण दाबतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलंच नसतं.

मला नुकतंच जे सापडलं ते सांगते. घरातल्या जुन्या कॅसेटींमधली एक, साठ मिनिटांची, लेबलवर आत्याच्या अक्षरात 'यमन, भूप'. दोन्ही राग बाजारात मिळणाऱ्या एलपींवरून उतरवलेले, म्हणून ही कॅसेट माझ्या यादीत अगदी तळाला होती. भूप संपला, थोडा वेळ नुसती सरसर, मग खट्ट झालं आणि खोलीचा आवाज सुरू झाला. आत्या कुणाला तरी म्हणते आहे, "मघाशी तो गंधार लावलास ना, तो परत लाव. मला धरून ठेवायचाय." दुसरी बाई तंबोऱ्याशिवाय, नुसत्या गळ्याने गंधार लावते. एकदा थेट. एकदा रिषभावरून हळूच सरकत. एकदा पंचमावरून उतरून, आणि त्या वेळी तो किंचित वेगळा ऐकू येतो, जास्त निवांत. मग आत्या लावून बघते, ती बाई म्हणते "घाई नको", आणि फीत संपते.

ती बाई कोण, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. शिकवणारी होती, एवढं त्या "घाई नको" वरून कळतं.

त्या दोन्ही एलपी आजही ऐकायला मिळतात, आणि या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. तो गंधार मात्र जगात फक्त या फितीच्या टोकाला आहे. माझं तर ठाम मत होत चाललंय की संग्रहातलं सगळ्यात मोलाचं बहुधा तेच असतं, जे आपण संग्रह म्हणून ठेवलेलंच नसतं. तुम्हाला असं काय सापडलंय? आणि उतरवताना ते ठेवलंत की छाटलंत?

कोमल निषाद

वाचताना काटा आला अंगावर. 'मला धरून ठेवायचाय' हे किती सुंदर आहे!

आमच्याकडे बाबांनी रेडिओवरून उतरवलेल्या कॅसेटी आहेत. निवेदनात फीत खर्ची पडू नये म्हणून तेव्हा पॉजवर बोट ठेवून बसायचे. आता नेमकं तेच निवेदन हवं असतं, कारण गायकाचं नाव, राग, ताल, साथीला कोण, सगळं त्यातच असायचं. एका मैफलीच्या सुरुवातीला फक्त "...आणि सारंगीवर" एवढेच शब्द आहेत आणि लगेच आलाप सुरू. सारंगीवाल्यांचं नाव त्या तुटलेल्या वाक्याबरोबर गेलं. पण त्याच कॅसेटच्या शेवटी, बाबा उठून बटण दाबेपर्यंत, बातम्या सुरू झाल्या आहेत. पहिलीच बातमी एका निवडणुकीच्या निकालाची. त्यावरून मुद्रणाचं वर्ष आणि महिना पक्का करता आला. लेबलवर तारीख नव्हतीच.

ठेवलं. एक सेकंदसुद्धा छाटलेला नाही.

फीतवेडा

टोकाला असं का सापडतं याचं गणित सरळ आहे. एलपीची एक बाजू साधारण वीस ते पंचवीस मिनिटांची, साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. एलपी उतरवली की पाच-सात मिनिटं कोरी उरायची आणि ती तशीच सोडणं कुणाला पटायचं नाही. मग मुलांच्या कविता, ठेक्याचा सराव, लांबच्या नातेवाइकांसाठी निरोप, काहीही भरलं जायचं. नव्वदच्या कॅसेटवर एका बाजूला अख्खी एलपी बसते, पण तिथेही शेपूट उरतंच. शिवाय फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली तेव्हा ती मुख्यतः बोलणं टिपण्यासाठी होती, संगीतासाठी नंतर सुधारत गेली. त्यामुळे त्या शेपटात माणसांचे आवाज सापडतात यात नवल नाही.

कॅसेट हातात घेतली की मी आधी तिची मागची कड बघतो. तिथे दोन छोट्या पट्ट्या असतात, एकेका बाजूच्या मुद्रणासाठी एकेक. पट्टी मोडलेली असेल तर ते मुद्रण कुणीतरी ठरवून जपलेलं आहे. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली असेल तर ती कॅसेट सगळ्यात आधी ऐकायची! म्हणजे आधी कुणीतरी जपलं आणि पुढे कधीतरी त्यावरच दुसरं काही घेतलं. नवं मुद्रण जिथे थांबतं तिथून पुढे जुनं एकदम उघडं पडतं. मला अशाच एका हिंदी गाण्यांच्या कॅसेटवर शेवटी पखवाजाचा पाठ सापडला. बोल तोंडाने म्हणून मग हाताने वाजवून दाखवलेले, अधूनमधून "हं, आता तू".

सुई आणि खाच

उत्तम धागा. मी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डींपुरतं लिहितो.

फार जुन्या मुद्रणांत गाणं संपल्यावर कलाकार स्वतःचं नाव सांगतात. गायिका गोहरजान यांचं यातलं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने त्यांचं गाणं मुद्रित केलं आणि शेवटी त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. तेव्हा रेकॉर्डी छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या तंत्रज्ञांना कुठलं मुद्रण कुणाचं हे कळावं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. घरात असलेल्या तबकडीवर असं नाव ऐकू आलं तर शेवट लवकर उचलू नका. पुढे कधी दाद असते, कधी साजिंद्यांमधलं एखादं वाक्य.

पण माझा स्वतःचा शोध वेगळा. संग्रहात एकाच क्रमांकाच्या दोन रेकॉर्डी होत्या. लेबल तेच, राग तोच, गायिका तीच. सगळे म्हणाले एक कुणाला तरी देऊन टाक. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात, जिथे खाचा संपतात, तिथे कोरलेला क्रमांक असतो. तो तिरक्या उजेडात धरून वाचला, तर एकीवर शेवटी एक आकडा आणि दुसरीवर दुसरा. म्हणजे एकाच बैठकीत ती चीज दोनदा गायली गेली आणि दोन्ही मुद्रणं एकाच क्रमांकाखाली बाजारात आली! एकीत अंतरा संथ आहे आणि शेवटची तान आवरती घेतली आहे. दुसरीत अंतरा जरा लवकर उचललाय, म्हणून तान पुरी करायला जागा मिळाली आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं. तेवढ्यात राग मांडायचा म्हणजे कुठे काय कापायचं याचा हिशेब गाताना मनात चालू असणार, आणि या दोन तबकड्या एकापाठोपाठ लावल्या की तो हिशेब चक्क ऐकू येतो.

दोन सूचना. ७८ ला एलपीची सुई लावू नका. एलपीची सुई साधारण २५ मायक्रॉनची, ७८ ला ७५ च्या आसपास लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर देते. दुसरं, या रेकॉर्डी लाखेच्या असतात, त्यामुळे स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही. लाख त्यात विरघळते.

शेवटची खाच

@सुई आणि खाच, दोन मुद्रणांतला फरक तुम्ही ज्या बारकाईने सांगितलात त्याबद्दल मनापासून आभार. याच मुद्द्यासाठी धागा काढला होता. 'डुप्लिकेट' म्हणून आपण जे बाजूला काढतो ते एकदा तरी शेजारी शेजारी ठेवून ऐकायला हवं.

अनवट

माझ्याकडे मुख्यतः सीडी आहेत, आणि अवचित सापडण्याच्या बाबतीत सीडीही मागे नाही. काही सीडींवर पहिल्या गाण्याच्या *आधी* आवाज दडवलेला असतो. पहिलं गाणं सुरू झाल्यावर मागे जाण्याचं बटण दाबून धरलं की काही प्लेअर शून्याच्याही मागे जातात आणि तिथे एक आख्खं गाणं निघतं. संगणकावर उतरवणारी बहुतेक सॉफ्टवेअर गाण्याची अधिकृत सुरुवात जिथे नोंदलेली असते तिथूनच वाचतात, म्हणून ते गाणं फाइलींत येतच नाही. सीडी उतरवून देऊन टाकण्याआधी प्रत्येक सीडीला एवढं करून बघा.

शेवटच्या गाण्यानंतर लांबलचक शांतता आणि मग आणखी एक गाणं, हा प्रकार तर पुष्कळ आहे. शेवटच्या गाण्याची लांबी बघायची. चार मिनिटांच्या गाण्याची फाइल पंधरा मिनिटांची दिसली तर पुढे काहीतरी आहे.

आणि 'न ठेवलेलं' म्हणाल तर त्याचा सुंदर दाखला बीटल्सच्या 'ॲबी रोड' मध्ये आहे, १९६९ चा. 'हर मॅजेस्टी' हा २३ सेकंदांचा तुकडा पॉल मॅकार्टनीने काढून टाकायला सांगितला होता. पण मुद्रित झालेलं काहीही फेकायचं नाही असा स्टुडिओचा दंडक होता, म्हणून तिथल्या तरुण सहायक तंत्रज्ञाने, जॉन कर्लँडरने, तो तुकडा थोडी कोरी फीत सोडून रिळाच्या शेवटी जोडून ठेवला. पुढे ऐकताना तो तिथेच बरा वाटला आणि तसाच रेकॉर्डवर आला. पहिल्या छपाईच्या कव्हरवर त्याचं नावही नाही. ज्याने तो जोडून ठेवला त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो.

मंद्रसप्तक

जाणकारांची मदत हवी आहे. आजोबांचं एक स्पूलचं रीळ आहे, डब्यावर 'सतार' एवढंच. मित्राच्या चालू स्थितीतल्या स्टिरिओ यंत्रावर लावलं. डाव्या स्पीकरमधून सतार येते, आणि उजव्यातून त्याच वेळी कुणीतरी बोलतंय आणि मधूनच गातंय. दोन्ही सुलटच चालतात, उलटं काही नाही. एकावर एक मुद्रण झालंय का? वेगळं करता येईल का?

फीतवेडा

@मंद्रसप्तक, एकावर एक काहीच झालेलं नाही, निश्चिंत राहा. उलट ही आनंदाची बातमी आहे.

तुमचं रीळ चार ट्रॅकच्या मोनो यंत्रावर मुद्रित झालेलं दिसतंय. पाव इंचाच्या फितीवर चार पट्टे असतात. पहिला आणि तिसरा एका दिशेने, दुसरा आणि चौथा रीळ उलटवल्यावर. मोनो यंत्रात एका वेळी एकच पट्टा वापरला जायचा आणि कुठला ते एका खटक्याने ठरायचं. म्हणजे एकाच रिळावर चौपट वेळ. आजोबांनी पहिल्या पट्ट्यावर सतार घेतली आणि पुढे कधीतरी तिसऱ्यावर दुसरं काही. स्टिरिओ यंत्र पहिला आणि तिसरा पट्टा एकदम वाचतं, एक डावीकडे, एक उजवीकडे. तुम्ही जे ऐकलंत ते हेच.

वेगळं करायला काहीच कष्ट नाहीत. स्टिरिओ म्हणून उतरवा, मग डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळ्या मोनो फाइलींत साठवा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं. त्यानंतर रीळ उलटवून दुसरा आणि चौथा पट्टाही उतरवा.

एक काळजी घ्या. रीळ फिरताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल किंवा फीत वाचणाऱ्या हेडवर चिकट तपकिरी थर जमत असेल तर ताबडतोब थांबा. काही फितींचा चिकटवणारा थर दमटपणाने बिघडतो, अशा फिती चालवल्या तर मुद्रणच खरवडून निघतं. तसं असेल तर जाणकाराकडेच द्या.

चौकस

धागा छान, पण एक वेगळा सूर लावतो. सगळंच ठेवायचं का? माझ्या एका कॅसेटवर गझलांच्या मागे घरातलं भांडण आहे. ज्यांचं आहे ते दोघंही आता नाहीत. त्यांनी ते कुणी ऐकावं म्हणून मुद्रित केलेलं नव्हतं, बटण चालू राहिलं इतकंच. आत्या-गंधार वाचून सगळ्यांना भरून येतंय, पण नकळत टिपलेलं प्रत्येक बोलणं असं गोड नसतं. ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणारेही मी पाहिलेत.

कोमल निषाद

@चौकस, रास्त मुद्दा आहे. पण ठेवणं वेगळं आणि वाटणं वेगळं. मूळ फाइल अख्खी ठेवावी, दुसऱ्याला द्यायच्या प्रतीत तेवढा भाग गाळावा.

चौकस

ठेवलेलं कधीतरी बाहेर पडतंच. माझ्यानंतर ही हार्ड डिस्क कुणाच्या हाती जाईल?

शेवटची खाच

@चौकस, तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याला झटकन उत्तर नाही. मी माझ्यापुरतं असं ठरवलंय: बोलणाऱ्यांपैकी कुणी हयात असेल तर आधी त्यांना एकट्याला ऐकवायचं आणि ते म्हणतील तसं करायचं. कुणीच नसेल तर ते बोलणं त्यांच्या तोंडावर कुणापुढे वाजवलं असतं का, हा प्रश्न स्वतःला विचारायचा. त्या गझलांमागचं भांडण मी पुसून टाकलं असतं, ठेवलं नसतं. 'सगळं ठेवा' हा माझा आग्रह संगीताच्या कडेला जे आहे त्याबद्दल आहे. रियाज, शिकवणं, दाद, पंख्याचा आवाज, दारावरची थाप. कुणाचा अपमान जपणं हे माझ्या मते संग्राहकाचं काम नाही.

आत्याच्या तुकड्याबद्दल आमच्या घरात विचारूनच इथे लिहिलं.

चौकस

पटलं. पुसून टाकतो, गझला ठेवतो.

टॅगमास्तर

सगळे फिती आणि तबकड्यांबद्दल बोलताय, पण २००० च्या आसपास जमवलेल्या एमपीथ्रीचा ढिगारा उपसलाय का कुणी? तिथे नाव एकाचं आणि गाणं दुसऱ्याचं असतं. कुणीतरी एकदा चुकीचं नाव घातलं आणि तीच फाइल हजारो संगणकांवर पसरली. प्रत्येक गझल एकाच गायकाच्या नावावर, प्रत्येक बासरी एकाच वादकाची.

त्यात नोंदींची जुनी पद्धतही अपुरी होती. एमपीथ्रीच्या पहिल्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या नोंदीत, फाइलीच्या शेवटचे फक्त १२८ बाइट, आणि गाण्याच्या नावाला ३० अक्षरं. राग, ताल, चीजेचे शब्द यांतलं काय काय त्यात मावणार? नावं अर्ध्यात तुटलेली. देवनागरीसाठी तर त्यात सोयच नव्हती, म्हणून जुन्या फाइलींत नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

माझी पद्धत सांगतो. म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या नोंदसाठ्याचं पिकार्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते फाइलीचं नाव न बघता प्रत्यक्ष आवाजाचा ठसा काढून तो साठ्याशी ताडून बघतं. अख्खा ढिगारा त्यात टाका. बाजारात आलेली बरीचशी गाणी ओळखली जातील, त्यांची नावं दुरुस्त होतील. मग *जे ओळखता आलं नाही* तेच आधी ऐकायला घ्या. त्या उरलेल्या यादीत मला एका कॉलेजच्या संमेलनातलं मुद्रण मिळालं, एका सुप्रसिद्ध गायकाच्या नावाखाली. गाणारा मुलगा वेगळाच आहे, मागे बाकं सरकवल्याचा आवाज येतो, आणि तो मारवा असा काही गातो की मी तीनही सप्तकांत त्याचा धैवत शोधत बसलो. त्याचं नाव कळावं अशी फार इच्छा आहे.

सुई आणि खाच

@टॅगमास्तर, न जुळलेल्यापासून सुरुवात करायची, हे डोक्यातच आलं नव्हतं. लगेच करून बघणार.

मंद्रसप्तक

@फीतवेडा, कसे आभार मानू! सांगितलंत तसंच झालं. डावीकडे सतारीवर बागेश्री आहे, आलाप आणि जोड. उजवीकडे भजनं, मध्ये बोलणं. पण उजवीकडचा आवाज मला खटकतोय. पुरुषाचा आहे पण पातळ वाटतो, बोलणंही थोडं घाईचं. डावीकडची सतार मात्र ठीक वाटते. एकाच रिळावर असं कसं?

सुई आणि खाच

@मंद्रसप्तक, दोन पट्टे वेगवेगळ्या काळी मुद्रित झाले असणार, आणि दुसऱ्या वेळी यंत्र हळू फिरत असणार. यंत्र फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला की तसं होतं. हळू मुद्रित झालेलं आज बरोबर गतीने लावलं की ते चढून ऐकू येतं.

गती नेमकी किती ढळली ते मोजायचा एक उपाय आहे. घरातल्या विजेची गुणगुण बहुतेक जुन्या मुद्रणांत उतरलेली असते, ५० हर्ट्झला, काही देशांत ६० ला. उजव्या चॅनेलमधला शांत भाग निवडा आणि ऑडॅसिटीत त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचा आलेख, काढा. ५० वर एक रेघ दिसेल ती तुमच्या आजच्या यंत्राची. जवळपास आणखी एक दिसली, समजा ५३ ला, तर ती तेव्हाच्या खोलीतली. ५० चे ५३ झाले म्हणजे सहा टक्के गती चढली, आणि सहा टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येईल. गती तेवढी उतरवायची. मात्र गती आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा, नुसता स्वर बदलणारा नको.

७८ च्या तबकड्यांनाही हेच लागू. सगळ्यात जुन्या तबकड्या नेहमी ७८ लाच मुद्रित झालेल्या नसतात, आणि ७८ च्या जागी ८२-८३ ला फिरवली तरी अर्धा स्वर चढतो. गायकाचा आवाज कसा होता याबद्दलची आपली कितीतरी मतं नुसत्या गतीवर उभी असतील.

फ्रान्समधल्या एदुआर्-लेऑं स्कॉटने १८६० मध्ये काजळी धरलेल्या कागदावर उमटवलेला आवाज २००८ मध्ये पहिल्यांदा वाजवला गेला, तेव्हा तो मुलीचा किंवा स्त्रीचा वाटला होता. पुढच्या वर्षी लक्षात आलं की तो दुप्पट गतीने लावला होता. बरोबर गतीला संथपणे गाणारा पुरुष निघाला, बहुधा स्कॉट स्वतःच.

नवखी

किती शिकायला मिळतंय इथे. माझ्याकडे आईच्या कॅसेटींनी भरलेलं एक खोकं आहे. सुरुवात कुठून करू? आणि काही कॅसेटींचा आवाज इतका दबलेला आहे, त्या उतरवण्यात अर्थ आहे का?

फीतवेडा

@नवखी, छापील लेबलच्या, विकत घेतलेल्या कॅसेटी बाजूला ठेवा, त्या नंतर. हाताने लिहिलेल्या आणि लेबलच नसलेल्या आधी. त्यातही चिकटपट्टीवाल्या पहिल्या.

दबलेल्या आवाजाबद्दल: बऱ्याचदा मुद्रण चांगलं असतं आणि हेडचा कोन जुळत नसतो. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर तुमच्या सरळ हेडला वरचे स्वर कमी ऐकू येतात. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो अगदी थोडा, केसभर, इकडे-तिकडे फिरवा. एका जागी आवाज एकदम उघडतो. तंबोऱ्याची हरवलेली जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, ऐकू यायला लागते, तबल्याच्या चाटीला धार येते. मी एक मैफल वर्षानुवर्षं 'खराब मुद्रण' या खोक्यात पाहत आलो होतो, आणि ती आमच्या घरातलं सगळ्यात स्वच्छ मुद्रण निघाली. प्रत्येक कॅसेटला हा कोन वेगळा लागू शकतो.

उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा. तासाला साधारण दोन गिगाबाइट लागतात, आता तेवढी जागा परवडते. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, साठवलं तर त्याहून कमी. खरखर काढायचा मोह होईल, पण मूळ फाइल अस्पर्श ठेवून प्रतीवर काय ते प्रयोग करा. खरखर काढणारी सॉफ्टवेअर तंबोऱ्याचे वरचे स्वरही खरखर समजून खातात.

अनवट

@नवखी, आणि ऐकताना गाणं सुरू होण्याआधी तेच गाणं अगदी पुसट ऐकू आलं तर दचकू नका. फितीच्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. एलपीतही शेजारच्या खाचेतून असं होतं आणि तिथे ते नेमकं १.८ सेकंद आधी येतं, कारण मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. माझ्याकडच्या एका रेकॉर्डवर गायक येण्याआधी त्याची पहिली हाक अशी लांबून येते. मला तो आवाज आता गाण्याचाच भाग वाटतो.

कोमल निषाद

नोंदी कशा ठेवता सगळे? मी प्रत्येक कॅसेटसाठी एक साधी मजकुराची फाइल ठेवते. लेबलवर जे आहे ते जसंच्या तसं, चुकीसकट. मग मिनिटाप्रमाणे काय काय ऐकू येतं ते. लेबलचा फोटो शेजारी. टॅगमध्ये हे मावत नाही आणि टॅग बदलतही राहतात.

टॅगमास्तर

@कोमल निषाद, हीच पद्धत योग्य. त्यात 'आवाज कुणाचा' हा रकाना घाला आणि कुणी ओळखला त्यांचंही नाव लिहा. घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर हा रकाना भरून घ्या, फाइली नीट लावणं नंतरही जमेल.

मंद्रसप्तक

उजव्या चॅनेलमध्ये दुसरी रेघ मिळाली, ५० च्या वर, सुई आणि खाच यांनी म्हटलं तशीच. तेवढी गती उतरवली. आवाज खाली आला, भरला, आणि आई पहिल्याच ओळीला म्हणाली, "हे तर काका!" आजोबांचे धाकटे भाऊ. ते भजनं म्हणायचे हे आईला माहीत होतं, मुद्रण आहे हे कुणालाच नव्हतं. मधलं बोलणं म्हणजे ते आजोबांना कुठल्या भजनाची चाल कुणाकडून घेतली ते सांगताहेत. आईला विचारून ते सगळं ठेवलं, आणि टॅगमास्तरांच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं.

रीळ उलटवून दुसरी बाजूही उतरवली. एका चॅनेलवर बागेश्रीच्या गती आणि झाला, म्हणजे सतार पूर्ण मिळाली. दुसरा पूर्ण कोरा आहे. तरी शेवटपर्यंत चालू दिला.